विजेचा भाव आणि कामगाराचा जीव : मजूरमंत्री बाबासाहेबांची चार वर्षं

इच्छापोर (सुरत) : पोटापाण्यासाठी खानदेशातून सुरत परिसरात आलेल्या कितीतरी घरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा फोटो असतो. घटनेचे शिल्पकार म्हणून त्यांना सगळेच ओळखतात. पण देशाच्या वीज धोरणाचा पाया घातला जात होता तेव्हा ते खातं त्यांच्याकडे होतं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

14 एप्रिल 1891 रोजी महू इथे त्यांचा जन्म झाला. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर 1917 मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर जातीपायी राहायला जागा मिळेना. शेवटी बडोदा सोडावं लागलं. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉमर्स कॉलेजात त्यांनी अर्थशास्त्र शिकवलं. लंडनची डी.एस्सी. मिळवली, बॅरिस्टर झाले.

शेतीच्या तुकड्यांवरचा त्यांचा 1918 चा निबंध आजही वाचण्यासारखा आहे. जमिनीवर माणसांचा भार जास्त झालाय, तो कमी करायचा तर उद्योग वाढले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. आणि उद्योग म्हटला की स्वस्त वीज आलीच.

पाणी, पूर आणि वीज

1936 मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध 7 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबईत संप झाला, त्यातही ते पुढे होते. 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूरमंत्री झाले. त्या खात्यात कामगारांबरोबर खाणी, पाटबंधारे आणि वीजही होती.

1943 मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. नुसता बांध घालून भागणार नाही, पूर रोखायचा, पाणी द्यायचं आणि वीजही काढायची, असं बहुउद्देशीय धोरण त्यांच्या खात्याने धरलं. नमुना होता अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा. बंगाल आणि बिहार सरकारांशी बोलणी झाली. 1944 मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभं राहिलं. दामोदर खोरे महामंडळ 1948 मध्ये स्थापन झालं. त्याच वर्षीच्या वीजपुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळांची वाट मोकळी केली.

आपल्या तापीवरचं उकाई धरण त्याच विचारातलं. पूरनियंत्रण, सिंचन आणि 300 मेगावॅट वीज, तिन्ही एकत्र. त्याचं पाणी महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्यापर्यंत मागे येतं. अशा आंतरराज्य नद्यांच्या तंट्यांसाठी घटनेत 262 वं कलम आहे. वीज हा विषय केंद्र आणि राज्य दोघांच्या समवर्ती सूचीत आहे.

दुसरी बाजू

वीज स्वस्त हवी, पण कामगाराच्या जिवावर नको, हा त्यांच्या खात्याच्या हिशेबाचा दुसरा रकाना. डिसेंबर 1943 मध्ये ते धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले. 1944 मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी आला. 1946 च्या दुरुस्तीने कारखान्यातलं काम आठवड्याला 54 वरून 48 तासांवर आलं. मात्र महायुद्धात कोळसा कमी पडला म्हणून बायकांना खाणीत खाली उतरवण्यावरची बंदी 1943 मध्ये उठवली गेली. त्यावर टीकाही झाली. फेब्रुवारी 1946 मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली.

6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं.

1948 च्या कायद्याची जागा आता 2003 च्या वीज कायद्याने घेतली आहे. इच्छापोरच्या पुढे हजिऱ्यात 2022 पासून हरित हायड्रोजनही तयार होतोय. घरांच्या छपरांवर सोलर चढतंय. युनिटचा भाव किती उतरला, हे सगळे विचारतात. पण ते पॅनल चढवणाऱ्या ठेकेदाराच्या पोराला सेफ्टी बेल्ट आहे का, त्याची हजेरी नि विमा कागदावर आहे का, हेही त्याच हिशेबात धरायला हवं. बाबासाहेबांच्या खात्यात वीज आणि कामगार एकाच टेबलावर होते. आज दोन्हींची खाती वेगळी आहेत, म्हणून कामगाराचा रकाना कोरा ठेवून चालणार नाही.