आधी दारू, मग हेपॅटायटिस सी : मिकी मँटलच्या लिव्हरचं नेमकं काय झालं?

बेसबॉल आपल्याकडे फारसं कुणी बघत नाही. त्यामुळे मिकी मँटल म्हटल्यावर चटकन चेहरा डोळ्यासमोर येत नाही. पण पन्नास-साठच्या दशकातल्या अमेरिकेत हा माणूस घराघरातला हिरो होता. न्यूयॉर्क यांकीजकडून १८ सीझन, ५३६ होम रन आणि सात वर्ल्ड सिरीज विजेतेपदं, असा त्याचा हिशोब.

जन्म १९३१ चा, ओक्लाहोमातला. वडील शिसं-जस्ताच्या खाणीत राबायचे आणि घरी आल्यावर पोराला दोन्ही बाजूंनी बॅटिंग शिकवायचे. १९५२ मध्ये ते कॅन्सरने गेले, अवघ्या चाळिशीत. घरातले आणखीही काही पुरुष तरुणपणीच गेलेले. आपणही चाळिशी बघणार नाही, हे मिकीने मनाशी पक्कं धरलं. मग सांभाळून जगायचं कशाला? दारू सुरू झाली ती चाळीसेक वर्षं चालली.

१९९४ च्या जानेवारीत तो व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला. दोनच महिन्यांत त्याचा मुलगा बिली ३६ व्या वर्षी गेला. तरीही मिकीने पुन्हा ग्लास उचलला नाही. सगळे होम रन एकीकडे आणि हे एकीकडे, असं आम्हाला वाटतं.

पण लिव्हरचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. १९९५ च्या मे महिन्यात पोटदुखीमुळे तो डॅलसच्या हॉस्पिटलमध्ये गेला आणि तपासण्यांत सिरॉसिस, हेपॅटायटिस सी आणि लिव्हरचा कॅन्सर असं तिन्ही निघालं.

आता हा हेपॅटायटिस कुठून आला? मिकीच्या गुडघ्यांची बरीच ऑपरेशन्स झाली होती. तेव्हा चढवलेल्या रक्तातून विषाणू आला असावा, असा अंदाज होता. हा विषाणू ओळखला गेला तोच मुळी १९८९ मध्ये, त्यामुळे त्याआधी रक्त तपासणार तरी कसं?

दारूने लिव्हरला सूज येते आणि हळूहळू व्रण पडतात. हेपॅटायटिस सी सुद्धा हेच करतो, तेही वर्षानुवर्षं गुपचूप. दोन्ही एकत्र आले की नुसती बेरीज होत नाही, लिव्हर कितीतरी वेगाने आकसतं आणि कॅन्सरचा धोकाही वाढतो. म्हणून ज्यांचं लिव्हर आधीच आजारी आहे त्यांना डॉक्टर हेपॅटायटिस ए आणि बी ची लस घ्यायला सांगतात. सी वर लस नाही, पण आता साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण बरे होतात. भारतात २०१८ पासून सरकारी कार्यक्रमातून हे उपचार मोफत मिळतात.

मिकीच्या वेळी या गोळ्या नव्हत्या. ८ जून १९९५ ला त्याचं लिव्हर बदललं. यादीत नाव लागल्यावर जेमतेम दोन दिवसांत अवयव मिळाला, म्हणून ओरड झाली. सेलिब्रिटी आहे म्हणून रांग मोडली, असं लोक म्हणू लागले. सगळ्यात गंभीर पेशंटचा नंबर आधी लागतो, हे डॉक्टरांनी सांगूनही संशय गेला नाही.

नवं लिव्हर चाललं, पण कॅन्सर फुप्फुसात पोहोचला. १३ ऑगस्टला, ६३ व्या वर्षी तो गेला. त्याआधी जुलैमध्ये मात्र त्याने पत्रकारांसमोर येऊन स्वतःच्या आयुष्याचा कित्ता गिरवू नका, असं पोरांना बजावलं होतं. अमेरिकेत खेळाडूंची फोटोकार्डं जमवायचा भारी नाद. त्याच धर्तीवर मिकीचं शेवटचं कार्ड निघालं, ते अवयवदानाचं.