अणुव्रताच्या वाटेने : लक्ष्मीबाई टिळक यांचे जीवन

जैन परंपरेने आचारधर्माच्या दोन पायऱ्या मानल्या आहेत. सर्वसंगपरित्याग केलेल्या साधु-साध्वींसाठी पाच महाव्रते आहेत, आणि संसारात राहणाऱ्या श्रावक-श्राविकांसाठी त्याच व्रतांचे शक्त्यनुसार पाळता येईल असे रूप, म्हणजेच अणुव्रते आहेत. गृहस्थाच्या मर्यादा ओळखून केलेली ही व्यवस्था आहे. ख्रिस्ती धर्मग्रंथातील मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांत येशूचे जे डोंगरावरील प्रवचन आहे, त्यात मात्र अशी विभागणी आढळत नाही. शत्रूवरही प्रेम करावे, अपकार करणाऱ्याचा प्रतिकार करू नये, मागेल त्यास द्यावे, उद्याची चिंता वाहू नये, ही सारी शिकवण तेथे ऐकणाऱ्या सर्वांनाच सांगितलेली आहे. रोमन कॅथलिक पंथाने पुढे संन्यस्तांसाठी वेगळी व्रते निर्माण केली. प्रोटेस्टंट पंथाने मठसंस्थाच नाकारल्याने संपूर्ण आदर्श पुन्हा संसारी माणसाच्या खांद्यावर आला. हे ओझे सामान्य माणसाला पेलवते काय, हा प्रश्न ख्रिस्ती जगात दोन हजार वर्षे विचारला जात आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाची कसोटी एका टिळक आडनावाच्या ब्राह्मण कुटुंबात लागली. त्या कुटुंबातील पुरुष रेव्हरंड नारायण वामन टिळक कवी होते आणि असामान्य होते, हे सर्वमान्य आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र फारसे शिक्षण नसलेल्या, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या, चारचौघींसारख्या गृहिणी होत्या. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर ते त्यांच्या चरित्रात अधिक स्पष्टपणे मिळते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळील जलालपूर या गावी गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांचे सोवळे पराकोटीचे होते. बाजारातून आलेली प्रत्येक जिन्नस धुतल्याशिवाय घरात घेतली जात नसे, आणि या धुण्यातून धान्यच काय, मीठही सुटत नसे. मीठ धुतल्यावर किती उरत असेल, हे वाचकांनीच ताडावे! या वातावरणात वाढलेल्या मनकर्णिकेचा विवाह १८८० साली, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, नारायणरावांशी झाला. नारायणराव त्या वेळी अठरा वर्षांचे होते.

नारायणरावांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, ६ डिसेंबर १८६१ चा. त्यांचे बालपण मात्र कल्याणात गेले. मानपाडा-डोंबिवली परिसरातील रहिवाशांना कल्याण म्हणजे शेजारघर. त्या कल्याणात १८६९ ते १८७३ या काळात नारायणरावांचे प्राथमिक शिक्षण झाले. पुढे नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृत काव्याचे अध्ययन केले. शिक्षक, पुराणिक, छापखान्यातील जुळारी असे नाना उद्योग त्यांनी केले, पण एका जागी स्थिर होणे त्यांच्या स्वभावात नव्हते. रागीट, उदार, भोळे आणि अत्यंत लहरी असा हा पुरुष होता. राग आला की घर सोडून निघून जावे आणि राग ओसरला की डोळ्यांत पाणी आणून परत यावे, हा त्यांचा नेहमीचा क्रम. पत्नीला लिहा-वाचायला त्यांनीच शिकवले. त्या शिक्षणातही भांडणे झालीच.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे रेल्वेने जात असता नारायणरावांची एका मिशनरी प्रवाशाशी गाठ पडली. बोलणे काव्यावरून धर्मावर गेले आणि निरोप घेताना त्या गृहस्थांनी त्यांना बायबलची प्रत दिली. नारायणराव ती वाचू लागले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थांबले. तर्कवितर्कांपेक्षा त्या तीन अध्यायांनीच त्यांना जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या घटनेकडे पतीच्या बाजूने पाहिले तर ती सत्यनिष्ठा ठरते. पत्नीच्या बाजूने पाहिले तर तो वज्राघात होता. नवरा जिवंत असूनही संसार मोडलेला, पदरी चार-एक वर्षांचा दत्तू, आश्रय नातेवाइकांचा आणि जिव्हारी लागणारे लोकांचे बोल. अशी सुमारे पाच वर्षे त्यांनी काढली. त्यांच्या काव्यरचनेचा उगम याच दुःखात आहे. शेजाऱ्यावर प्रेम करावयास सांगणारा धर्म स्वीकारताना सर्वांत जवळच्या माणसाला केवढे दुःख द्यावे लागले, हा हिशेब टिळकांच्या चरित्रकारांनी अनेकदा हात राखून मांडला आहे. लक्ष्मीबाईंनी स्वतः तो कटुतेशिवाय, पण काहीही न लपवता मांडला. नारायणरावांनीही या काळात दुसरा संसार थाटला नाही, पत्रव्यवहार सोडला नाही आणि पत्नीवर धर्मांतराची सक्ती केली नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.

अखेर लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) पतीजवळ गेल्या. परंतु गेल्या त्या स्वतःचे सोवळे घेऊन. पती ख्रिस्ती, पत्नी हिंदू, चूल वेगळी, पाणी वेगळे, अशी ही व्यवस्था होती. अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे १८३१ पासूनचे मोठे केंद्र. तेथे त्यांच्या भोवती जी माणसे वावरत होती, त्यांत पूर्वाश्रमीचे महार-मांग पुष्कळ होते. त्यांची सावलीही टाळण्याचे संस्कार घेऊन आलेल्या बाईला त्यांच्यातच राहावयाचे होते.

लक्ष्मीबाईंचे परिवर्तन कोणा उपदेशकाच्या व्याख्यानाने झाले नाही. आधी जातिभेद गळला आणि मग धर्मविचार आला. जात ही देवाने केली की माणसाने, या एकाच प्रश्नावर त्यांनी स्वतःशी दीर्घ विचार केला. आणि ती माणसाने केली असे मनाने घेतल्यावर, यापुढे कोणाच्याही हातचे खाईन-पिईन असा निश्चय करून टाकला. निश्चय क्षणात झाला, परंतु जन्मभराची सवय क्षणात जात नाही. बुद्धीला पटलेले हाताला आणि जिभेला पटवताना त्यांना कष्ट पडले. स्वतःची ही फजितीही त्यांनी पुढे हसत हसत लिहून ठेवली. १९०० साली त्यांनी दत्तूसह बाप्तिस्मा घेतला.

तो काळ भीषण दुष्काळाचा होता. विक्रम संवत १९५६ मधला म्हणून गुजरात-राजस्थानात जो छप्पनिया दुष्काळ या नावाने आजही आठवला जातो, तोच हा १८९९-१९०० चा दुष्काळ. मिशनच्या अनाथालयांत शेकडो मुले येत होती. भाकरीसाठी धर्म बदलल्याचा आरोप त्या वेळी मिशनऱ्यांच्या कार्यावर झाला आणि तो सर्वस्वी निराधार होता असे म्हणता येणार नाही. स्वतः टिळकांनाही परकीय मिशनवर पोसलेला, परकीय वळणाचा ख्रिस्ती समाज मान्य नव्हता. ख्रिस्तभक्ती अभंगातून, कीर्तनातून, या मातीच्या रीतीने व्हावी असा त्यांचा आग्रह होता. पण दारात आलेले उपाशी मूल हा वादाचा विषय नसतो. टिळकांनी अशी मुले घरी आणावीत आणि लक्ष्मीबाईंनी ती सांभाळावीत, हा त्या घरचा परिपाठच झाला.

येथे त्या आदर्शाचे व्यवहारातले रूप दिसते. उद्याची चिंता न करणे नारायणरावांना सहज जमत असे. पैसा त्यांच्या हाती ठरत नसे. ज्याने मागितले त्याच्या हाती तो जाई. परंतु घरी आणलेल्या मुलांना रात्री काय वाढावयाचे, ही चिंता कोणी तरी करावीच लागते, आणि ती लक्ष्मीबाई करीत. डाळ-तांदूळ मोजणे, उसनवारी फेडणे, अंथरुणे पुरवणे, खरूज झालेल्या पोरांना न्हाऊ घालणे ही कामे कोणत्याही प्रवचनात सांगितलेली नाहीत. पतीच्या औदार्याचा त्यांना राग येई, तो त्या बोलूनही दाखवीत, आणि बोलता बोलता आणखी एक पान मांडीत. हे कुरकुरत केलेले दान कमी दर्जाचे मानावे काय? शास्त्रकार मनोभाव पाहतात हे खरे. पण जेवून उठलेल्या मुलाच्या दृष्टीने त्या कुरकुरीला फारसा अर्थ नसावा.

याच काळात महाराष्ट्रात प्लेगचा कहर चालू होता. सख्खे नातेवाईक रोग्याला टाकून पळत, घरे ओस पडत. लक्ष्मीबाईंनी अशा प्लेगग्रस्तांची शुश्रूषा केली. त्या भीत नव्हत्या असे नाही. मरणाची भीती त्यांना इतरांइतकीच होती. मनकर्णिका असताना ज्यांचा स्पर्श झाला तर स्नान करावे लागले असते, त्यांच्याच अंगावरून त्या आता हात फिरवीत होत्या. वडिलांच्या त्या मीठ धुणाऱ्या घरापासून हे अंतर त्यांनी तीस-बत्तीस वर्षांत तोडले. येशूच्या शिकवणीतील शेजारी म्हणजे कोण, याचा त्यांना कळलेला अर्थ तो हाच.

या घराच्या उदारपणाचे आणखी एक उदाहरण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या किशोरवयीन कवीने सर्वांना मोहित केले. तेच बालकवी. पुढे बालकवी टिळकांच्या घरी राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे वागवले. बालकवींनी धर्म बदलला नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात या कवीचा अंत झाला, तेव्हा लक्ष्मीबाईंना पुत्रशोकाइतके दुःख झाले.

वयाच्या उत्तरार्धात नारायणरावांना गृहस्थाश्रमातून केलेली साधना अपुरी वाटू लागली. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास देवाचा दरबार स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, सर्व ख्रिस्तभक्तांना त्यात मुक्तद्वार होते. ज्या पंथात संन्यासाला स्थान नव्हते त्यात राहून त्यांनी शेवटी संन्यासच जवळ केला. जैन वाचकाला यात महाव्रताची ओढ दिसेल आणि ते चुकीचे ठरणार नाही. पण त्यामुळे मूळ प्रश्न अधिकच तीव्र होतो. संपूर्ण आदर्श गाठण्यासाठी टिळकांसारख्यालाही संसाराबाहेर पाऊल टाकावेसे वाटले. लक्ष्मीबाईंना ती सवड नव्हती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. दरबाराचे कार्य त्यांच्यामागे फार काळ टिकू शकले नाही.

पतीनिधनानंतर लक्ष्मीबाई सतरा वर्षे जगल्या. मुंबई, मग पुत्र देवदत्त यांच्या कुटुंबासह कराची, आणि शेवटी नाशिक, असा त्यांचा प्रवास झाला. त्या कीर्तने करीत. ज्यांना जोडाक्षरे लिहिणे अखेरपर्यंत नीट साधले नाही, त्यांनी सांगितलेल्या आठवणी स्मृतिचित्रे या नावाने १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाल्या आणि मराठी आत्मचरित्रांत त्यांना अग्रस्थान मिळाले. शांता गोखले यांनी केलेला त्यांचा नवा इंग्रजी अनुवाद २०१७ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथात टिळकांचा संतपणा आहे तसा संतापही आहे. स्वतः लक्ष्मीबाईंचा हट्ट, मत्सर, भित्रेपणा, सारे काही आहे. नवरा-बायकोच्या भांडणांना त्यात जेवढी जागा मिळाली आहे तेवढी धर्मचर्चेला मिळालेली नाही. क्षमेची शिकवण पाळली गेली ती बहुधा याच भांडणांत, दिवसातून दोन-दोन वेळा, आणि तीही पूर्णपणे पाळली गेली असा दावा लेखिकेने कोठेही केलेला नाही.

टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करण्यासाठी ख्रिस्तायन हे महाकाव्य आरंभिले होते. त्यांच्या हातून अकरा अध्याय झाले. लक्ष्मीबाईंनी उतारवयात ते हाती घेतले आणि स्वयंपाक, नातवंडे, आजारपणे सांभाळून पुढील चौसष्ट अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले तेव्हा एक अध्याय राहिला होता. तो देवदत्तांनी लिहिला आणि १९३८ साली संपूर्ण ग्रंथ प्रकाशित झाला.