नाशिकचे यष्टिरक्षक माधव मंत्री

क्रिकेटच्या खेळात चेंडू टाकणाऱ्याकडे व तो टोलविणाऱ्याकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात. तीन यष्ट्यांच्या मागे हातमोजे घालून जो दिवसभर ओणवा होतो, त्याजकडे कोणी फारसे पाहत नाही; त्याच्या हातून झेल सुटला म्हणजे मात्र तो सर्वांस दिसतो. माधव कृष्णाजी मंत्री यांनी हेच काम पत्करिले. त्यांचा जन्म ता. १ सप्टेंबर १९२१ रोजी नाशिक येथे झाला.

ते फलंदाजीही करीत. १९४९ च्या मार्च महिन्यात पुणे येथे रणजी करंडकाचा मुंबई व महाराष्ट्र यांचा सामना झाला. त्यात दोन्ही पक्षांच्या मिळून २,३७६ धावा झाल्या, व त्यांतील २०० एका डावात मंत्री यांच्या होत्या. पुढे मुंबईचे नायक या नात्याने त्यांनी तो करंडक तीन वेळा जिंकिला.

परंतु देशाच्या वतीने खेळताना हे यश त्यांस लाभले नाही. १९५२ च्या जून महिन्यात इंग्लंडातील लीड्स येथे भारताच्या दुसऱ्या डावात एकही धाव होण्यापूर्वीच चार गडी बाद झाले. ट्रूमन नावाचा एक तरुण गोलंदाज तेथे प्रथमच कसोटी खेळत होता; त्याच्या चेंडूवर मंत्री यांची यष्टी उडाली. अवघे चार कसोटी सामने त्यांच्या वाट्यास आले. त्यांत धावा ६७, झेल ८ व यष्टिचीत १.

अशा अपयशाने पुष्कळांचे मन खेळावरून उडते. मंत्री मात्र दादर युनियन या आपल्या मंडळात खेळत राहिले, आणि वेळ पाळणे व पोशाख स्वच्छ ठेवणे यांविषयी तरुणांशी फार कडक वागत. त्यांच्या बहिणीचा मुलगा सुनील गावस्कर याने लहानपणी मामांजवळ भारतीय संघाचा एक स्वेटर मागितला. मामांनी तो दिला नाही. तो घाम गाळून मिळवावा लागतो, असे त्यास सांगितले. लहान मुलास असा नकार देणे कित्येकांस कठोर वाटेल. आम्हांस तो त्या २०० धावांहून मोठा वाटतो. १९७१ साली भाच्याने तो स्वेटर स्वतः मिळविला.

१९९० साली भारतीय संघ इंग्लंडास गेला, तेव्हा त्याचे व्यवस्थापक म्हणून मंत्री पुन्हा त्या देशी गेले. ता. २३ मे २०१४ रोजी मुंबईत, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.