नांदायला न गेलेल्या डॉ. रखमाबाई



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने माझ्याकडे एका थोर स्त्रीचे चरित्र मागितले. सावित्रीमाई फुले आणि माता रमाई यांच्यावर दर वेळी लेख येतात, ते आलेच पाहिजेत. मी मात्र यंदा आपल्याच मुंबई शहरात जन्मलेल्या एका बाईची हकीकत लिहायला घेतली आहे. तिचे नाव पुष्कळांच्या कानावरून गेलेले असते, पण तिने काय सोसले आणि काय केले ते सगळे ठाऊक नसते. त्या म्हणजे डॉ. रखमाबाई. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही ते गिरणीची पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून केलेले. तेव्हा लिहिण्यात उणेअधिक झाले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

हे चरित्र निवडायला एक कारण आहे, ते आधी सांगून टाकतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या चाळीतली एक मुलगी लग्नानंतर चौथ्या महिन्यात माहेरी आली आणि परत जाणार नाही म्हणाली. रिवाजाप्रमाणे बैठक बसली. पाच जाणती माणसं, त्यात मी एक. चार पुस्तकं वाचलेला म्हणून माझ्या शब्दाला वजन. आम्ही नवऱ्याला विचारलं, त्याच्या बापाला विचारलं, मुलीच्या बापाला विचारलं. मुलगी दाराशी उभी होती, आम्हाला चहा तिनेच दिला. तिला कोणी काही विचारलं नाही. नवऱ्याकडून दारू पिणार नाही असं कबूल करून घेतलं आणि मुलीला नांदायला पाठवून दिली. त्या बैठकीत मी चांगलं बोललो असं सगळे म्हणाले. वर्षाच्या आत ती हाताला प्लास्टर घालून परत आली. त्यानंतर रखमाबाईंचे चरित्र माझ्या हाती पडले, आणि वाचताना मला ती दारातली मुलगी दिसत राहिली. असो.

रखमाबाईंचा जन्म मुंबईत २२ नोव्हेंबर १८६४ रोजी झाला. समाज सुतार. आई जयंतीबाई हिचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी ती आई झाली आणि सतराव्या वर्षी विधवा. म्हणजे रखमाबाईंना बाप आठवण्याचा प्रश्नच नव्हता. सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला बंदी नव्हती. वरच्या म्हणवणाऱ्या जातीत ही बाई जन्मली असती तर केस काढून एका कोपऱ्यात बसवली असती. पुढे जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले आणि ते करण्याआधी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावावर करून दिली. ही मालमत्ता लक्षात ठेवावी, कारण पुढच्या सगळ्या रामायणात तिचा हात आहे.

सखाराम अर्जुन मोठे विद्वान गृहस्थ. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत, वनस्पतिशास्त्राचे जाणकार, आणि १८८३ साली मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली तिच्या संस्थापकांत ते होते. असा माणूस सावत्र बाप म्हणून मिळणे हे मुलीचे भाग्य. पण एवढा शिकलेला माणूस घरात असूनसुद्धा रखमाचे लग्न अकराव्या वर्षी लागलेच, आणि तिची शाळा सुटली. रूढी अशी असते. नवरा दादाजी भिकाजी, वय एकोणीसच्या आसपास, सखाराम अर्जुनांच्याच नात्यातला गरीब मुलगा. ठरले असे होते की त्याने घरजावई म्हणून राहावे, शिकावे, माणसात यावे. दादाजीला शिक्षणात गोडी वाटली नाही. तो मामाच्या घरी राहायला गेला. तिथली राहणी चांगली नव्हती, दादाजीच्या अंगावर कर्ज झाले, तब्येतही बिघडली.

इकडे मुलगी वयात आली तेव्हा आता नवऱ्याकडे पाठवा असा घोशा सुरू झाला. सखाराम अर्जुन डॉक्टर. बारा वर्षांच्या पोरीच्या शरीराचे काय हाल होतात हे त्यांना कळत होते. त्यांनी नकार दिला. आणि ती मुलगीही मामाच्या त्या घरात जायला तयार नव्हती. ती घरीच राहिली आणि मिळेल ते पुस्तक वाचत राहिली. मिशनच्या वाचनालयातून पुस्तके येत. इंग्रजी ती अशीच घरात बसून शिकली. प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना जाऊ लागली. शाळा सुटलेल्या मुलीने हे केले, हे आपल्या मुलींना मुद्दाम सांगायला हवे. अशी नऊ वर्षे गेली.

१८८४ च्या मार्चमध्ये दादाजीने वकिलामार्फत नोटीस पाठवली, की माझी बायको माझ्या हवाली करा. नोटिशीने काम झाले नाही तेव्हा मुंबई हायकोर्टात दावा लावला. कायद्याच्या भाषेत त्याला वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना असा भलामोठा शब्द आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर बायकोला नांदायला आणण्याचा दावा. रखमाबाईंचे म्हणणे असे होते की मी अजाण असताना हे लग्न माझ्या संमतीशिवाय लावले, या माणसाबरोबर मी एक दिवस संसार केलेला नाही, त्याला कमाई नाही, तब्येत नाही, आणि त्याचा डोळा माझ्या मालमत्तेवर आहे. दादाजीनेही नंतर एक पुस्तिका छापून आपली बाजू मांडली आणि सगळा दोष सासरच्या माणसांना दिला. रखमाबाईंनी तिलाही जाहीर उत्तर दिले.

खटला उभा राहण्याआधीच, १८८५ च्या एप्रिलमध्ये, सखाराम अर्जुन वारले. घरातला मोठा आधार गेला. आई दुसऱ्यांदा विधवा झाली. अशा वेळी वीस वर्षांची मुलगी खचली असती तर कोणी नावे ठेवली नसती. पण त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियात, एक हिंदू स्त्री एवढीच सही असलेली पत्रे आली, एक बालविवाहावर, दुसरे सक्तीच्या वैधव्यावर. नाव नसले तरी ती रखमाबाईंची होती. लहानपणी लग्न झाल्यामुळे मुलीचे शिक्षण कसे तुटते आणि तिला स्वतःचा विचार करायला कशी सवड राहत नाही, हे त्यांनी पुस्तकातून नव्हे तर अनुभवातून लिहिले.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. या जोडप्याचा संसार कधी सुरूच झाला नाही, तेव्हा पुन्हा नांदण्याचा प्रश्न येतोच कुठे, असा त्यांचा रोख होता. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवून दिली. असला दावा हिंदू धर्मशास्त्रात नव्हताच, तो इंग्लंडातून इकडे आलेला होता. इथे वाचकांनी थोडे थांबून विचार करावा. निकाल लागल्याबरोबर धर्म बुडाला म्हणून ओरड सुरू झाली. टिळकांचा केसरी आणि मराठा ही दोन्ही पत्रे रखमाबाईंच्या विरोधात उभी राहिली. बायका शिकल्या की असेच होणार, असा सूर होता. म्हणजे धर्माच्या नावाने जे वाचवायला निघाले ते विलायती कायद्याचे हत्यार होते! खुद्द इंग्लंडात, नांदायला नकार देणाऱ्याला तुरुंगात घालण्याची शिक्षा १८८४ साली काढून टाकली होती. दादाजीने नोटीस दिली तेच हे वर्ष. तिथल्या बाईला तुरुंग संपला आणि इथल्या बाईच्या नशिबी आला.

बाजूने उभे राहणारेही होते. बेहरामजी मलबारी यांनी वृत्तपत्रातून बाजू लावून धरली. वकिलांमध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत छापलेल्या आपल्या पुस्तकात या खटल्याची दखल घेतली. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख डॉक्टरीण एडिथ पीची यांनी तर पुढेही साथ सोडली नाही.

अपिलात खटला पुन्हा चालवण्यासाठी खाली आला आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की महिन्याच्या आत नवऱ्याकडे नांदायला जावे, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली. नवऱ्याचे घर नको, तुरुंग चालेल, असे भर कोर्टाला कळवणारी बावीस वर्षांची बाई. आम्ही कामगार मोर्चात शंभर जण बरोबर असताना अटक करून घेतो, तेव्हाही रात्री घरची आठवण येऊन पोटात कालवते. ही बाई एकटी होती. शिवाय तिने गुन्हा कुठला केला होता, तर नाही म्हटले एवढाच.

प्रत्यक्षात त्या तुरुंगात गेल्या नाहीत. पुन्हा अपील झाले, गवगवा विलायतेपर्यंत गेला, आणि जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजीने हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. राणी व्हिक्टोरियाने हे लग्न मोडून टाकले असे काही ठिकाणी छापलेले दिसते, ते खरे नाही. राणीबिणी कोणी धावून आली नाही. पैसे मोजून सुटका झाली. आणि नीट पाहिले तर लग्न मोडलेच नाही. दादाजीने दुसरी बायको केली, कारण पुरुषाला ती मोकळीक होतीच. रखमाबाई मात्र कायद्याने त्याचीच बायको राहिल्या. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

१८८९ साली त्या डॉक्टरी शिकायला लंडनला गेल्या. बायकांसाठीच्या मेडिकल स्कूलमध्ये शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. पुढे सुरतेच्या बायकांच्या इस्पितळात वीसहून अधिक वर्षे आणि नंतर राजकोटला दहाएक वर्षे नोकरी केली. हे सगळे मी दोन ओळीत संपवतो आहे, पण हे दोन ओळींचे काम नव्हे. पुरुष डॉक्टरपुढे येणे ज्यांना मना होते अशा हजारो घरातल्या बाया, त्यांची बाळंतपणं, ते दुखणं अंगावर काढणं. ज्या मुलीला बाराव्या वर्षी नांदायला धाडणार होते, तिच्याच हातून हे झाले. खटल्यामुळे उठलेली चर्चा शांत झाली नाही, आणि १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन मुलीचे वय दहावरून बारा झाले. फक्त बारा. तरीही त्याला केवढा विरोध झाला.

आता एक गोष्ट लपवून ठेवत नाही. १९०४ साली दादाजी वारला. तेव्हापासून रखमाबाई विधवेसारखे पांढरे लुगडे नेसू लागल्या. ज्याच्या घरची पायरी चढण्यापेक्षा तुरुंग पत्करला, त्याच्या नावाने पांढरे नेसायचे! प्रथम वाचले तेव्हा मला राग आला. गिरणीतल्या एका मित्राला सांगितले तर तो म्हणाला, शेवटी बाईची जात. त्याचे ते बोलणे ऐकून मला त्याचाच राग आला. मग घरी बायकोला विचारले. ती म्हणाली की परक्या गावात एकट्या बाईला रोगी बायांच्या घरात शिरायचं असेल तर लोकांच्या तोंडाला कुलूप लावायला काहीतरी लागतंच. असेल तसेही. मोडले न गेलेले लग्न एवढेच त्या साडीचे कारण असेल, तसेही असेल. आपण त्यांच्या जागी नव्हतो, निवाडा करायला बसू नये. निवाडे करण्याची हौस मी एकदा फेडून घेतलेली आहे.

नोकरीतून निवृत्त होऊन त्या मुंबईला परतल्या. तेव्हाही स्वस्थ बसल्या नाहीत, पडदा पद्धत बंद व्हावी म्हणून पुस्तिका लिहिली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी पार केल्यावर त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला आणि त्यात बायकोला घटस्फोट मागण्याचा हक्क मिळाला. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता, ते बिल पुढे तुकड्यातुकड्यांनी मंजूर झाले, त्यातला हा एक तुकडा. हा कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. पण याच कायद्यात नववे कलम आहे, आणि ते म्हणजे नांदायला बोलावण्याचा तोच दावा, आता नवरा बायको दोघांनाही करता येणारा. तुरुंगाची शिक्षा १९२३ सालीच गेली, मालमत्तेवर जप्ती आणता येते. आंध्र हायकोर्टाने १९८३ साली हे कलम घटनेविरुद्ध ठरवले होते, पण १९८४ साली सुप्रीम कोर्टाने ते कायम केले. आपल्या वस्तीतल्या मुलींना अशा नोटिसा येतात तेव्हा आईबाप घाबरून मुलीला रिक्षात बसवतात. घाबरू नये, नोटीस घेऊन आधी वकिलाकडे जावे.

आपल्या विहारात आता बैठक बसली तर महिला मंडळाच्या दोन ताई असतात आणि पहिल्यांदा मुलगी बोलते. हे माझ्यामुळे झाले असे नाही, महिला मंडळाने भांडून घेतले. मी लिहिलेली ती मुलगी आता शिवणकाम करून आपल्या पोराला शिकवते आहे. येताजाता मला जयभीम घालते, थांबून मात्र बोलत नाही. हा लेख छापायला देण्याआधी तिला वाचून दाखवायचा असे ठरवले होते. दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन आलो.