दक्षिणेश्वरच्या राणी

गेल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेसाठी मी स्वामी विवेकानंदांवर भाषण तयार करीत होते. ग्रंथालयातून आणलेल्या प्रत्येक पुस्तकात रामकृष्ण परमहंस होते, दक्षिणेश्वरचे कालीमंदिरही होते. पण ते मंदिर ज्यांनी बांधले, त्या राणी रासमणींची ओळख मात्र दोन-चार ओळींत उरकलेली! स्पर्धा झाली, बक्षीस काही मिळाले नाही. पण त्या दोन-चार ओळी मनातून गेल्या नाहीत.

रासमणी कोणत्याही राज्याच्या राणी नव्हत्या. १७९३ साली बंगालमधील हालिशहरजवळच्या कोना या खेड्यात, कैवर्त समाजातील एका गरीब घरी त्यांचा जन्म झाला. आई लाडाने राणी म्हणे, तेच नाव पुढे जनतेने कायम केले. अकराव्या वर्षी कोलकात्याच्या जानबाजारातील धनिक राजचंद्र दास यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८३६ मध्ये पती निवर्तले. पदरी मुलीच, तरीही जावई मथुरामोहन बिश्वास यांना हाताशी धरून राणींनी एवढ्या मोठ्या जमीनदारीचा कारभार समर्थपणे सांभाळला. कंपनी सरकारने गंगेतील मासेमारीवर कर बसवला, तेव्हा गरीब कोळ्यांसाठी राणींनी नदीचा पट्टाच दहा हजार रुपयांना मक्त्याने घेतला आणि पात्रात साखळ्या लावून जहाजांची वाट अडवली. सरकारला कर मागे घ्यावा लागला!

१८४७ मध्ये त्या काशीयात्रेला निघाल्या होत्या. नावा भरून तयार होत्या. पण निघण्याच्या आदल्या रात्री देवीने स्वप्नात येऊन गंगातीरीच मंदिर बांधण्याची आज्ञा केली, असे सांगतात. यात्रा राहिली आणि दक्षिणेश्वर येथे सुमारे वीस एकर जागा घेऊन काम सुरू झाले. नऊ शिखरांचे कालीमंदिर, राधाकृष्णाचे मंदिर आणि नदीकाठी ओळीने बारा शिवमंदिरे उभी राहिली. आठ वर्षे आणि सुमारे नऊ लाख रुपये लागले.

खरी अडचण त्यानंतर आली. राणी पडल्या शूद्र मानलेल्या जातीच्या. त्यांच्या मंदिरात देवीला शिजवलेल्या अन्नाचा नैवेद्य कसा चालेल, असे म्हणून शास्त्रीपंडितांनी नकार दिला. अखेर रामकुमार चट्टोपाध्याय या ब्राह्मणाने तोड काढली. मंदिर आधी ब्राह्मणाला दान करावे, म्हणजे दोष राहणार नाही. राणींनी ते आपल्या गुरूंच्या नावे केले आणि ३१ मे १८५५ रोजी प्रतिष्ठा झाली.

हे वाचताना मला माझी आजी आठवली. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी तिने हातातली पाटली काढून दिली होती. नैवेद्याचे ताट मात्र तिला कायम उंबऱ्याबाहेरच ठेवावे लागे.

रामकुमारांचा धाकटा भाऊ गदाधर, म्हणजे पुढचे रामकृष्ण, त्या दिवशी मंदिरातले अन्न न घेता बाजारातले चुरमुरे खाऊन राहिला. राणींनी राग धरला नाही. पुढे याच तरुण पुजाऱ्याला लोक वेडा म्हणू लागले, तेव्हा राणी आणि मथुरबाबू त्याच्या पाठीशी उभे राहिले. एकदा देवीपुढे गाणे ऐकताना राणींच्या मनात कोर्टातल्या दाव्याचा विचार आला. रामकृष्णांनी तो ओळखून त्यांना चापट मारली. नोकर धावून आले. पण राणींनी आपली चूक मान्य करून पुजाऱ्याला कोणी हात लावू नये, अशी ताकीद दिली. साधूची सेवा म्हणजे केवळ शिधा देणे नव्हे, हे त्यांनी असे दाखवून दिले.

मंदिराचा खर्च कायम चालावा म्हणून दिनाजपूर जिल्ह्यातील जमीन सव्वादोन लाखांहून अधिक रुपयांना त्यांनी विकत घेतली होती. तिच्या देवस्थानपत्रावर १८ फेब्रुवारी १८६१ रोजी सही केली आणि दुसऱ्याच दिवशी डोळे मिटले. मथुरबाबूंनी १८७१ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत रामकृष्णांची सेवा केली.

ज्यांना आपल्याच मंदिरात नैवेद्याचा अधिकार नव्हता, त्यांच्याच अंगणात जगाला एक परमहंस लाभला. पुन्हा विवेकानंदांवर बोलायची वेळ आली, तर माझ्या भाषणाची सुरुवात राणी रासमणींपासूनच होईल.