विल्यम जेसन मिक्स्टर

विल्यम जेसन मिक्स्टर (१८८० – १९५८) हे अमेरिकेतील बोस्टन येथील शल्यचिकित्सक होते. मेंदू व मज्जारज्जू यांच्या शस्त्रक्रियेला स्वतंत्र शाखेचे रूप मिळत असतानाच्या काळात त्यांनी काम केले. कमरेच्या दोन मणक्यांमधील चकती फाटून तिचा भाग चेतामुळावर दाबला गेला की कमरेपासून पायापर्यंत कळा येतात, हे त्यांनी व अस्थिशल्यविशारद जोसेफ सीटन बार यांनी १९३४ मध्ये रुग्णांच्या नोंदींसह मांडले. चकतीच्या उघड्या शस्त्रक्रियेचा प्रसार या लेखापासून झाला.

प्रारंभिक जीवन

मिक्स्टर यांचे वडील सॅम्युएल जेसन मिक्स्टर हे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये नामवंत शल्यचिकित्सक होते. मुलाने १९०६ मध्ये हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली आणि त्याच रुग्णालयात सेवा केली. पुढे तेथील चेताशल्य विभागाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले.

जलशीर्षावरील दुर्बीण शस्त्रक्रिया

मिक्स्टर यांचे नाव चकतीशी इतके जोडले गेले आहे की त्यांचे १९२३ मधील काम सहसा विसरले जाते. मेंदूतील पोकळ्यांत द्रव साचून डोके मोठे होत जाते, त्या विकाराला जलशीर्ष म्हणतात. अशा एका नऊ महिन्यांच्या मुलीवर त्यांनी मूत्रमार्ग तपासण्याची दुर्बीण वापरून शस्त्रक्रिया केली. दुर्बीण मेंदूच्या पोकळीत नेऊन त्यांनी तिसऱ्या निलयाच्या तळाला छिद्र पाडले व अडलेल्या द्रवाला नवी वाट करून दिली. दुर्बिणीद्वारे केलेली या प्रकारची ही पहिली शस्त्रक्रिया मानली जाते. त्या काळच्या दुर्बिणींतून अंधुक दिसे व प्रकाशही अपुरा पडे, त्यामुळे ही पद्धत रुजली नाही. शतकाच्या अखेरीस उपकरणे सुधारल्यावर ती पुन्हा प्रचारात आली. उघड्या शस्त्रक्रियेचे प्रवर्तक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या माणसाने लहान छिद्रातून काम करण्याचा प्रयोग त्याआधीच करून पाहिला होता, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे.

चकतीसंबंधीचे संशोधन

कमरेतून पायात उतरणाऱ्या वेदनेचे वर्णन फार जुने आहे. आयुर्वेदात तिला गृध्रसी म्हटले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पाश्चात्त्य वैद्यकात तिचे कारण बहुधा कटी व त्रिकास्थी यांच्या सांध्यात शोधले जाई. दुसरीकडे, मज्जारज्जूवर दाब आणणाऱ्या कूर्चेसारख्या गाठी शल्यचिकित्सकांना अधूनमधून सापडत आणि त्यांची नोंद कूर्चार्बुद, म्हणजे कूर्चेची गाठ, अशी होई. हे दोन प्रश्न एकच असतील, असे सहसा कोणाच्या मनात येत नसे.

१९३२ मध्ये बार यांचा एक रुग्ण मिक्स्टर यांच्याकडे आला. मणक्यात गाठ असल्याच्या समजुतीने शस्त्रक्रिया झाली व काढलेल्या तुकड्याला नेहमीप्रमाणे कूर्चार्बुद हेच नाव मिळाले. ड्रेस्डेनचे विकृतिविज्ञानतज्ज्ञ ख्रिस्तियान गेओर्ग श्मॉर्ल यांनी हजारो मृतदेहांचे कणे तपासून चकतीच्या झिजेचे व फुगवट्याचे वर्णन केले होते. बार त्या कामाशी परिचित असल्याने हा तुकडा चकतीचाच असावा, अशी शंका त्यांना आली. दोघांनी रुग्णालयात जपून ठेवलेले जुने नमुने काढले आणि निरोगी चकतीच्या ऊतींशी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची तुलना केली. अर्बुद म्हणून नोंदलेले कित्येक नमुने प्रत्यक्षात चकतीचे तुकडे निघाले. त्याच वर्षाच्या अखेरीस चकती फाटल्याचे निदान आधी करून शस्त्रक्रिया करण्यात आली.

सप्टेंबर १९३३ मध्ये न्यू इंग्लंड सर्जिकल सोसायटीच्या सभेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले. ऑगस्ट १९३४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १९ रुग्णांवरील लेख प्रसिद्ध झाला. (मिक्स्टर यांचा १९२३ चा जलशीर्षावरील लेखही याच नियतकालिकात आला होता, त्या वेळी त्याचे नाव बोस्टन मेडिकल अँड सर्जिकल जर्नल असे होते.)

श्रेयाचा प्रश्न

फाटलेल्या चकतीचा तुकडा काढणारे मिक्स्टर पहिले नव्हेत. बर्लिनमध्ये ओपेनहाइम व क्राउझे यांनी १९०९ मध्ये असा तुकडा काढल्याची नोंद आहे, पण त्यांनी तो अर्बुद मानला. बोस्टनमधीलच गोल्डथ्वेट यांनी १९११ मध्ये चकती हे पायातील वेदनेचे कारण असू शकते, असे सुचवले होते. बाल्टिमोरचे वॉल्टर डँडी यांचा दावा सर्वांत बळकट आहे. सुट्या झालेल्या चकतीच्या तुकड्यामुळे अर्बुदासारखी लक्षणे निर्माण झाल्याचे त्यांनी १९२९ मध्ये दोन रुग्णांच्या आधारे लिहिले होते. मात्र त्या लेखाकडे फारसे लक्ष गेले नाही. मिक्स्टर व बार यांच्या बाजूने एवढे म्हणता येते की, त्यांनी विखुरलेल्या नोंदींमागचा एकच आजार ओळखला, तो दुर्मीळ नसल्याचे दाखवले आणि निदानापासून उपचारापर्यंतची वाट आखून दिली.

मूळ शस्त्रक्रियेचे स्वरूप

मिक्स्टर यांची शस्त्रक्रिया विस्तृत होती. पाठीच्या मध्यावर लांब छेद घेऊन स्नायू मणक्यांपासून सोडवले जात, मणक्याच्या मागील बाजूची हाडाची पट्टी काढली जाई आणि मज्जारज्जूचे आवरणही कधी कधी उघडावे लागे. हा अघोरीपणा नव्हता. साध्या क्ष-किरण चित्रात चकती दिसत नाही. तपासणीची चिन्हे, मेरुद्रवातील प्रथिनांचे प्रमाण आणि कण्यात सोडलेल्या आयोडीनयुक्त तेलाची सावली एवढ्यावरच जागा ठरवावी लागे, आणि आत गाठ निघेल की चकती, याची खात्री नसे. नेमके कोठे जायचे हे ठाऊक नसताना लहान छेद घेणे धोक्याचे होते.

नंतरचा विकास: उघडी व लहान छेदाची शस्त्रक्रिया

रोगाचे स्थान जसजसे आधी कळू लागले तसतसा छेद आखडत गेला. मेयो क्लिनिकमधील ग्राफ्टन लव्ह यांनी १९३९ मध्ये हाडाला जवळजवळ धक्का न लावता दोन मणक्यांच्या फटीतून चकती काढण्याची पद्धत मांडली. मिक्स्टर यांच्या मृत्यूनंतर हा वेग वाढला. १९७५ मध्ये जपानमध्ये हिजिकाता यांनी त्वचेतून नळी घालून चकतीचा गर काढला. १९७७ मध्ये याशारगिल व कास्पर यांनी शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक वापरला आणि १९९७ मध्ये फोली व स्मिथ यांनी स्नायू न कापता, ते बाजूला सारणाऱ्या नळीतून दुर्बिणीने काम केले. बोलीभाषेत या विकाराला स्लिप डिस्क म्हणतात. चकती घसरत नाही, तिचे बाह्य कडे फाटून आतला गर बाहेर येतो, आणि या सर्व पद्धतींत काढायचा असतो तो हाच भाग.

लहान छेद म्हणजे अधिक चांगला परिणाम, हे मात्र आपोआप सिद्ध होत नाही. नेदरलँड्समधील ३२८ रुग्णांच्या २००९ मधील चाचणीत नळीची पद्धत नेहमीच्या सूक्ष्मदर्शक शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरली नाही. वेदनेच्या बाबतीत ती किंचित मागेच पडली. कॉक्रेन संस्थेच्या २०१४ मधील आढाव्यात लहान छेदाच्या पद्धतींत जंतुसंसर्ग कमी असण्याची शक्यता दिसली, पण पायातील वेदनेचा उपशम थोडा कमी असू शकतो असेही आढळले. फरक लहान होते. नेदरलँड्समधीलच ६१३ रुग्णांच्या २०२२ मधील चाचणीत पूर्णतः दुर्बिणीने केलेली शस्त्रक्रिया उघड्या सूक्ष्मदर्शक शस्त्रक्रियेपेक्षा कमी प्रतीची नसल्याचे दिसले. या चाचण्यांतील उघडी शस्त्रक्रिया म्हणजे मिक्स्टर यांचा मोठा छेद नव्हे. तिचा छेदही काही सेंटिमीटरचाच असतो.

त्याआधीचा प्रश्न शस्त्रक्रिया करावी की नाही, हा आहे. नॉर्वेतील हेन्रिक वेबर यांनी १९८३ मध्ये दहा वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या वर्षी शस्त्रक्रिया झालेले रुग्ण अधिक बरे होते. चार वर्षांनंतर मात्र दोन्ही गटांत ठळक फरक उरला नव्हता. बहुसंख्य रुग्णांची वेदना काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविना ओसरते. लघवी-शौचावरचा ताबा जाणे, जांघेत बधिरता येणे किंवा पायाची शक्ती झपाट्याने कमी होणे, ही लक्षणे याला अपवाद आहेत. अशा वेळी चेतामुळांवरील दाब तातडीने काढणे महत्त्वाचे असते आणि छेद किती लांबीचा आहे हा मुद्दा दुय्यम ठरतो.