तोफांचे नांगर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर हे नाव आपल्या कॉलेजात ऐकलं नाही असा विद्यार्थी सापडणं कठीण. निदान आडनाव तरी पंपावर, मोटरवर, लेथवर ओतलेलं किंवा छापलेलं सगळ्यांनीच पाहिलंय. पण त्या नावामागचा माणूस म्हटला की आपली गाडी लोखंडी नांगराच्या पुढे जात नाही. मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझा प्रोजेक्ट आहे प्लॅस्टिकचा. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये जुना, दळलेला माल किती टक्के घालता येतो आणि तरीही वस्तूची ताकद कशी टिकते, असा विषय. आता यात लक्ष्मणराव कुठून आले असं तुम्ही म्हणाल. लायब्ररीत चाळता चाळता त्यांच्या आयुष्यातली तोफांची गोष्ट हाती लागली आणि पुढचे चार दिवस मी प्रोजेक्ट सोडून त्यांच्याविषयीच वाचत बसलो.

जन्म २० जून १८६९, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमेना. चित्रं काढायची आणि यंत्रं उघडून बघायची, असे दोनच नाद. चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, तर तिथे कळलं की काही रंग आपल्या डोळ्यांना नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या पोराला याहून मोठा धक्का कोणता? पण गड्याने चित्रकला टाकली, चित्र टाकलं नाही. तो मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळला. तिथे रेषा लागतात, रंग लागत नाहीत. पुढे व्हीजेटीआयमध्ये ते हाच विषय शिकवू लागले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली आणि लक्ष्मणरावांनी सरळ राजीनामा दिला.

मुंबईत असतानाच बेळगावात थोरले बंधू रामूअण्णांसोबत सायकलींचा धंदा सुरू झाला होता. हे मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. मग छोटी वर्कशॉप, मग कडबा कापायची यंत्रं आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. तो मात्र हलेचना. लोखंडाने जमिनीत विष कालवलं जातं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. आपलं एक सबमिशन परत आलं तर आपण रात्रभर मेसच्या कट्ट्यावर दुःख करत बसतो. इथे तयार माल दोन वर्षं डोळ्यासमोर गंजायची वाट बघत पडलेला.

नांगर हळूहळू रुळतोय तोवर बेळगावच्या नगरपालिकेला त्यांची जागा हवी झाली. कारखाना उठवायची वेळ आली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी मदतीला आले. दहा हजार रुपयांचं कर्ज आणि कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन. जमीन म्हणजे माळरान. निवडुंग आणि साप. १९१० साली तिथे वस्ती झाली आणि तिचं पुढे किर्लोस्करवाडी झालं. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात येतं. मी महाबळेश्वरचा. आमच्याकडे उगम पावलेली कृष्णा वाई, कराड करत याच पलूस तालुक्यातून खाली सांगलीला जाते. त्यामुळे लक्ष्मणराव मला उगाचच आपल्या नदीकाठचे वाटतात.

त्या माळावर त्यांनी माणसं कशी जमवली तेही बघण्यासारखं आहे. शंभूराव जांभेकर, अनंतराव फळणीकर, मंगेशराव रेगे यांची नावं कारखान्याच्या इतिहासात येतात. पण रात्रीच्या पहाऱ्यावर त्यांनी चक्क शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली. वसाहतीत शिवाशिव पाळायची नाही असा दंडक घातला. काळ १९१० चा आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

आता तोफा. १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं. विलायती नांगरांची आवक आटली आणि लोक किर्लोस्करांचा नांगर मागायला लागले. गिऱ्हाईक दारात आणि कच्चं बीड मिळेना! लढाईने तेही खाऊन टाकलं होतं. अशा वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या, निकामी तोफा लक्ष्मणरावांना दिल्या. त्या वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले.

इथपर्यंतची गोष्ट भाषणात सांगायला फार छान आहे. मला मात्र तिच्या पुढच्या भागाने झोप लागू दिली नाही. तोफेचा नांगर होतो कसा? म्हणजे चांगला नांगर होतो कसा?

बीड पुन्हा वितळवलं की जसंच्या तसं राहत नाही. कुपोला भट्टीत कोक आणि लोखंडाचे थर भरतात आणि बाजूने हवा फुंकतात. दर वितळणीला थोडं सिलिकॉन आणि मँगेनीज जळून जातं, कोकमधलं गंधक बिडात शिरतं. सिलिकॉन घटलं की थंड होताना कार्बन ग्रॅफाइट होऊन सुटत नाही, लोखंडाशी बांधलेलाच राहतो. मग बीड आतून पांढरं पडतं, काचेसारखं कडक आणि तसंच ठिसूळ. त्यात दुसरी गोम अशी की तोफेचा दळ जाड. जाड ओतकाम सावकाश थंड होतं, म्हणून आतून करड्या रंगाचं, बऱ्यापैकी चिवट राहतं. तेच बीड नांगराच्या पातळ भागात ओतलं तर झटकन निवतं आणि पांढरं पडू शकतं. म्हणजे तोफेत चांगलं निघालेलं बीड फाळात चांगलं निघेलच असं नाही. फाळाच्या टोकाला थोडा कडकपणा लागतो, नाहीतर मुरमाने तो भराभर झिजेल. पण कडकपणा आतपर्यंत गेला की पहिल्याच दगडाला टोक उडणार. आणि या तोफा काही एका कारखान्याच्या, एका वर्षाच्या नव्हेत. प्रत्येकीचं बीड वेगळं.

फौंड्रीवाल्यांचा यावरचा जुना उपाय साधा आहे. भंगार आधी फोडून, निवडून घ्यायचं. भट्टीत मोजून भरायचं, शक्य तेव्हा ओळखीच्या बिडात मिसळून. आणि साचे भरण्याआधी एक पाचरीच्या आकाराचा तुकडा ओतून, गार करून, हातोड्याने मोडून बघायचा. मोडलेल्या जागी पांढरा थर किती खोल गेलाय त्यावरून बिडाची जात कळते. मायक्रोस्कोप नाही, स्पेक्ट्रोमीटर नाही. आपल्या मेटलर्जी लॅबमध्ये हा प्रयोग एकदा तरी करून दाखवावा अशी सरांना विनंती.

लक्ष्मणरावांचं यात काय पणाला लागलं होतं बघा. ज्या शेतकऱ्याला लोखंड म्हणजे विष वाटत होतं, त्याला दहा वर्षं खपून त्यांनी आपल्या नांगरावर आणला होता. त्याला तोफ माहीत नाही, लढाई माहीत नाही, सिलिकॉन तर नाहीच. ऐन नांगरटीत फाळ मोडला असता तर तो पुन्हा लाकडी नांगराकडे गेला असता आणि गावालाही घेऊन गेला असता. तसं झालं नाही. नांगर खपत राहिले, कारखाना त्या युद्धातून मोठा होऊन बाहेर पडला. माझ्या मते तोफा मिळवण्यापेक्षा हे काम अवघड होतं, आणि भाषणांत नेमकं हेच गाळलं जातं.

प्लॅस्टिकचंही असंच असतं म्हणून सांगतो. आमच्या घरी स्ट्रॉबेरी आहे. एका वर्षी वडिलांनी बाजारातून स्वस्तातले क्रेट आणले, भंगार दळून केलेल्या दाण्याचे. दुसऱ्याच हंगामात भरलेले क्रेट उचलताना बूड सुटायला लागलं. क्रेट म्हणजे बहुधा एचडीपीई. त्यात निवडताना पॉलिप्रॉपिलीन मिसळलं तर दोघं एकजीव होत नाहीत, सांध्यात पापुद्रे सुटतात. शिवाय दर वेळी बॅरलमध्ये तापून आणि स्क्रूत घुसळून प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तुटतात. पॉलिप्रॉपिलीन यामुळे पातळ वाहायला लागतं, मेल्ट फ्लो इंडेक्स वाढतो. उन्हापासून वाचवणारं औषध आधीच्या आयुष्यात संपून गेलेलं असतं, ते नव्याने घालावं लागतं. पीईटीसारखा माल ओला राहिला तर वितळताना त्यातलं पाणीच साखळ्या तोडतं.

म्हणून उपायही ओळखीचे वाटतात. निवडा, धुवा, वाळवा, मोजून नव्या दाण्यात मिसळा, तापमान गरजेपुरतंच ठेवा आणि प्रत्येक लॉटचा मेल्ट फ्लो बघा. त्या मोडलेल्या पाचरीचाच हा भाऊ. अमेरिकेतल्या यूएल संस्थेच्या नियमात कारखान्याने स्वतःचाच स्वच्छ, कोरडा रनर दळून वजनाने २५ टक्क्यांपर्यंत घातला तर वेगळी चाचणी मागत नाहीत. गणित करून बघितलं. दर वेळी २५ टक्के परत घालत राहिलं, तर साच्यात शिरणाऱ्या मालात याआधी दोनदा किंवा जास्त वितळलेला भाग ६.२५ टक्के येतो आणि तीनदा किंवा जास्त वितळलेला जेमतेम दीड टक्का. म्हणजे म्हातारा माल साचत जात नाही. प्रमाण ५० टक्के केलं की हेच आकडे २५ आणि साडेबारा होतात. माल जुना असल्याने तितकं बिघडत नाही, जितकं तो कुठला हे माहीत नसल्याने बिघडतं, असं माझं मत झालंय. गाइडना ते अजून पटलेलं नाही. व्हायवाला बघू.

लक्ष्मणरावांचं पुढचं आयुष्य तुलनेने सर्वांना ठाऊक आहे. उसाचे चरक, पंप, लेथ. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून १९२६ साली परतला आणि कारखान्यात आला. १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बंगलोरला विजेच्या मोटरींचा कारखाना उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.